मधल्या जागेवरची मुलगी

डार्सीनं कॅस्परच्या हाताला चावा घेतला तेव्हा वर्ग आधी गप्प झाला आणि किंकाळी नंतर आली. त्या मधल्या रिकाम्या क्षणात ग्लेनिस स्टॅथर्सला दातांचा आवाज ऐकू आला. म्हणजे तिला तसं वाटलं. बारीक, आतल्या आत गेलेला आवाज. मग कॅस्पर ओरडला, कुणाच्या तरी गळ्यातली पाटी जमिनीवर पडली, आणि ज्या वाक्यासाठी पोरं हातात हात घालून फळ्यापुढे उभी होती ते वाक्य मोडून वर्गभर पांगलं. खेळ ग्लेनिसचाच होता. इंग्लंडातल्या हल शहरातल्या या शाळेत ती आली तेव्हापासून, म्हणजे तिचे केस अजून तांबूस होते तेव्हापासून, जोडशब्द शिकवायची वेळ आली की ती पोरांच्या गळ्यात शब्द अडकवायची. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना उभयान्वयी का काय म्हणतात ते म्हणोत. तिच्या वर्गात ते जोडशब्द. डावीकडे 'कुत्रा भुंकला', उजवीकडे 'बाळ जागं झालं', आणि मधे एकच पोर, त्याच्या गळ्यात 'म्हणून'. मधल्यानं दोन्हीकडचे हात घट्ट धरायचे, दोन्हीकडच्यांनी ओढायचं. हात सुटले नाहीत तर वाक्य पक्कं. त्या मधल्या जागेसाठी पोरं भांडायची. तिथं उभं राहिलं की आपल्यावाचून दोन्ही बाजू लंगड्या, हे आठ वर्षांच्या पोरालाही कळतं. डार्सी पॉल्सननं ती जागा कधी मागितली नव्हती. बाह्या बोटांवर ओढून मागे बसणारी मुलगी ती. आज चिठ्ठीत तिचं नाव निघालं. कॅस्परनं तिचा पंजा धरायचा तो मनगटाच्या वर हात धरला, आणि मनापासून ओढला.

"चल रे राजा, बोटं मोजून घे, सगळी आहेत ना," म्हणत मदतनीस टीना कॅस्परला नळाकडे घेऊन गेली. ग्लेनिस डार्सीला बाहेर घेऊन आली, जिथं खुंट्यांवर पोरांचे कोट टांगलेले असतात आणि ओल्या लोकरीचा वास कधी जात नाही. डार्सीच्या ओठाला दुसऱ्याचं रक्त लागलं होतं, ते तिनं पुसलं नव्हतं. ती रडत नव्हती. डावा हात तिनं पोटाशी धरला होता, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा.

"दाखवतेस मला?"

बाही वर गेली. कोपराच्या खाली एका अंगाला चार डाग, दुसऱ्या अंगाला एक. मधे जांभळे, कडेला पिवळट. मोठ्या माणसाची पकड होती ती. तो माणूस निघून गेला होता आणि हात पोरीच्या हातावर विसरला होता.

"क्रेग सायकल दुरुस्त करत होता काल," डार्सी म्हणाली. मग, "माझा हात दुखतोय."

क्रेग म्हणजे तिच्या आईबरोबर राहणारा. दोन वाक्यं होती आणि मधे काही नव्हतं. ग्लेनिसच्या जिभेवर पुढचा प्रश्न आला, तो तिनं दातांमागे दाबला. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी त्यांना बसवून शिकवतात: मूल सांगू लागलं तर विचारायचं नाही. नाव पुरवायचं नाही, कारण पुरवायचं नाही, 'त्यानं केलं का' असं तर नाहीच नाही. 'सांग मला' एवढंच म्हणायचं आणि पडेल तो शब्द जसाच्या तसा उचलायचा. उद्या कोर्ट झालं तर वकील पहिलं हेच बघतो, शब्द पोराचा की बाईचा. जन्मभर पोरांना दोन वाक्यं जोडायला शिकवलेल्या बाईनं इथं हात मागे बांधून उभं राहायचं.

"सांग मला," ग्लेनिस म्हणाली.

डार्सीनं बाही खाली ओढली. "कॅस्परला सुई टोचतील का?"

त्या खुणा ग्लेनिसला वाचता येत होत्या; अक्षरांच्या आधी ती तेच वाचायला शिकली होती. ती लहानाची मोठी झाली त्या गोदीजवळच्या गल्लीत दाराला दार लागून होतं आणि माणसाच्या अंगाला मासळीचा वास असला तरच तो घरचा. बाप, लेन, मासेमारीच्या ट्रॉलरवर होता. आठवडेच्या आठवडे वर उत्तरेला, जिथं दोरावर बर्फ धरतो आणि तो कुऱ्हाडीनं फोडावा लागतो. मग थोडे दिवस घरी. ते थोडे दिवस घर श्वास धरून असायचं. पहिल्या दिवशी खिसे भरलेले, निळा सूट, पोरीला मिठाई. दुसऱ्या दिवशी दारू. तिसऱ्या दिवशी तो आईशी, आयव्हीशी, बोलायचा बंद व्हायचा, आणि ग्लेनिसचं काम सुरू व्हायचं. "तुझ्या बापाला सांग, पान वाढलंय." "तुझ्या आईला सांग, कुत्र्याला घाल." ती स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्या मधल्या उंबऱ्यावर उभी राहायची आणि वाक्यं इकडून तिकडे न्यायची, नेताना त्यातले काटे काढून. 'बाबांना भूक नाहीये अजून.' 'आई म्हणते गरम करून देते.' तिला वाटायचं, आपण नीट धरलं तर हे दोघं सुटणार नाहीत. आपला हात लहान आहे, पण आपण घट्ट धरू. मग एखाद्या रात्री आयव्हीच काहीतरी बोलायची. अगदी हळू, पावाचा तुकडा मोडता मोडता. एकच वाक्य, सुरीच्या पात्यासारखं. आणि तो उठायचा. ग्लेनिस टेबलाखाली जायची, आणि टेबलाखालून दिसायचे ते चार पाय, मग दोन पाय आणि फरशीवर आईचे केस. ती आईवर चिडायची. सगळं जमत आलेलं असताना हिला बोलायचं काय अडलं होतं?

शाळेत पोरांची सुरक्षा बघायचं काम बेव्ह रड्स्टनकडे होतं. ती उपमुख्याध्यापिका. जेवणाच्या सुटीत ग्लेनिस तिच्या खोलीत गेली तेव्हा बेव्ह कागदावर बटाट्याची तळलेली पॅटी आणि चिप्स पसरून बसली होती, वर लाल मसाला. तिनं ऐकलं, बोटं पुसली, दार लावलं, बालसुरक्षेच्या सरकारी कचेरीत फोन लावला. बराच वेळ ती 'हो', 'नाही', 'आठ वर्षांची' एवढंच बोलत राहिली. मग पलीकडच्यांनी आईला फोन केला, आणि चिप्स गार होईपर्यंत उत्तर आलं.

"आई म्हणते, पोरगी सायकलवरून पडत होती म्हणून क्रेगनं धरलं," बेव्ह म्हणाली.

"म्हणून."

"हो बाई, म्हणून. त्यांची बाई उद्या सकाळी येईल. आज माणूस नाही म्हणतात."

"आणि आज न्यायला कोण येणार?"

"आज बुधवार, बुधवारी तोच येतो. त्याचं नाव आहे आपल्याकडे, आईनं दिलेलं. तो आला तर मला मूल द्यावं लागतं, ग्लेनिस. माझ्या हातातच काय आहे? सायकल दुरुस्त करत होता, हात दुखतोय. सायकल दुरुस्त करणं गुन्हा नाही. अर्ध्या गल्लीच्या सायकली तोच करून देतो, फुकट."

"ती म्हणाली की त्यानं धरून पिरगाळला, असं मी सांगितलं तर?"

बेव्हनं चिप्सच्या कागदाची घडी घातली, मग परत घडी घातली. "म्हणाली का?"

"नाही."

"मग मीही काही ऐकलं नाही. आधीच्या शाळेत एका बाईनं हेच केलं. चांगली बाई, तुझ्यासारखी, मनानं हळवी. पोरगा जे बोलला नव्हता ते तिनं मधे घातलं. वकिलानं ते एक टोक धरलं आणि सगळं उसवलं. पोरगा त्याच घरात परत गेला, आणि त्यानंतर तो कुणाशी काही बोलला नाही. कुणाशीच." तिनं ग्लेनिसकडे पाहिलं. "तू जेवलीस का? तोंड बघ तुझं, पिठासारखं झालंय."

दुपारी बेरजा होत्या. पोरं वाकून बसली होती, पेन्सिली घासत होत्या, कॅस्पर पट्टी बांधलेला हात उंच धरून लढाईवरून आल्यासारखा मिरवत होता. डार्सी मागे. ग्लेनिस फळ्यावर आकडे मांडत होती आणि तिच्या डोक्यात ती सकाळ चालली होती, बापाच्या शेवटच्या फेरीची. आदल्या रात्री त्यानं आयव्हीचा हात दाराच्या चौकटीत ठेवला होता आणि दार लावलं होतं. रागानं नाही, सावकाश, पेटी बंद करावी तसं. बोटं मोडल्याचा तो आवाज मात्र खरा होता, तो तिनं ऐकला होता. सकाळी बाप पिशवी खांद्यावर टाकून निघाला, आणि कुणी हात हलवून निरोप दिला नाही, कारण त्या गल्लीत कुणीच देत नसे. हात हलवला की लाट उचलून नेते. आणि माणूस ज्या दिवशी समुद्रावर निघेल त्या दिवशी घरात धुणं काढायचं नाही, पाणी त्याला धुऊन नेईल. हे पाळण्यातल्या पोरीलाही माहीत. गल्लीतल्या बायका त्या दिवशी बशीसुद्धा विसळताना मागे बघायच्या. आयव्हीनं पत्र्याचा टब ओढून अंगणात आणला. डाव्या हाताला फडकं बांधलेलं, बोटं वांग्यासारखी सुजलेली. उजव्या हातानं तिनं बापाचे सदरे बुडवले, गुडघ्यानं दाबले, दातांनी धरून पिळले. मग मागच्या बोळात दोरीवर एकेक अडकवले, बाह्या खाली, छाती उघडी. वारा होता. सदरे फुगले, भरले, जणू आत माणसं होती. समोरच्या खिडकीतला पडदा हलला, मग त्याच्या शेजारचा. आयव्ही दोरीखाली उभी राहून बघत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते ग्लेनिसला तेव्हा कळलं नाही.

बाप परत आला नाही. जहाज आलं, तो आला नाही. लाटेनं डेकवरून उचलला, एकट्याला. चर्चचा माणूस टोपी हातात घेऊन सांगून गेला आणि त्याचं पाऊल कोपऱ्यावर वळतं न वळतं तोच बायका आल्या. साखर मागायला यायच्या त्याच. त्यांचेही नवरे, भाऊ, त्याच पाण्यावर होते. त्यांनी आयव्हीला केसांना धरून बोळात आणलं. एकीच्या हातात लाकडी दांडकं होतं, कपडे ढवळायचं. 'तू धुतलंस म्हणून गेला तो', एवढंच त्या म्हणत होत्या, सगळ्याजणी, वेगवेगळ्या आवाजात, आणि प्रत्येक वेळी 'म्हणून'वर दांडकं यायचं. दोरी तुटली आणि ती कुणीतरी आयव्हीच्या गळ्याभोवती फिरवली. नाकातून रक्त, तोंडात चिखल. मग एक म्हातारी ओरडली, बास, पोरगी बघतेय, आणि त्या थांबल्या, पदरासारखे एप्रन झटकले आणि आपापल्या दारात गेल्या. आयव्हीची बोटं कुणी पाहिली नाहीत. त्यानं ती मोडली, म्हणून तिनं धुतलं, असं कुणी म्हणालं नाही. तेवढं वाक्य गल्लीत कुणाला जोडता आलं नाही. बोळातल्या चिखलात एक सदरा पडला होता, पोटावर, आणि ग्लेनिसनं तो उचलला नाही.

"मिस, सातातून नऊ जात नाहीत," पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. फळ्यावर तिनं उलटं लिहिलं होतं.

शाळा सुटली की मैदानाच्या बाजूचं दार उघडतं, बाई दारात उभी राहते, आणि ज्याचं माणूस दिसेल ते पोर सोडते. एकेक करून. बाहेर आया, आज्या, ढकलगाड्या, कुणाचा कुत्रा, कुणाची सिगारेट पाठीमागे लपवलेली. कॅस्परच्या आईनं पट्टी बघितली आणि पोलिश भाषेत लांबलचक काहीतरी म्हणाली. पोरं संपत आली. डार्सी शेवटी राहिली, कारण ग्लेनिसनं तिचा उजवा हात धरून ठेवला होता आणि सोडला नव्हता. क्रेग कुंपणाशी कुणाशी तरी हसत होता. बारीक, देखणा, हाताला ग्रीस. तो आला तेव्हा साबणाचा वास आला.

"काय मिस, चावरं कुत्रं झालंय म्हणे आमचं पिल्लू. तोंडाला पट्टा घालावा लागणार." मागच्या दोघी बायका हसल्या. "चल गं. आई वाट बघतेय."

"ती थोडं थांबेल आज," ग्लेनिस म्हणाली.

"का?"

ग्लेनिसनं मान वळवली. खिडकीच्या काचेमागे बेव्ह दिसली, कानाला फोन, मान नाही नाही अशी हलवत. सोड, म्हणत होती ती. सोड, आपल्याकडे काही नाही.

"मिस, मी छान विचारतोय." तो हसतच होता, पण आवाज खाली आला होता, फक्त त्या तिघांपुरता. "हात सोडा तिचा."

आणि ग्लेनिसनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं दिसलं. खालच्या ओठामागे फिरणारी जीभ. डावा पाय थोडा बाहेर वळलेला. हनुवटीखाली नाडी. इथून दोन वाटा फुटतात हे तिच्या पाठीच्या कण्याला माहीत होतं. एक वाट खाली बघायची, हसायची, 'अहो तसं नाही' म्हणायची. मग तो पोरीला घेऊन जाईल आणि जे व्हायचं ते दार लावून होईल. तिनं दुसरी धरली, त्याच्या कानाशी झुकली. तिचा आवाज तिलाच ओळखीचा वाटला, मऊ, घाई नसलेला.

"लहान पोरीच्या हातापुरतीच ताकद आहे का रे तुझ्यात? बाईपुढे नाही चालत?"

मूठ तिला दिसली नाही. गालाच्या हाडावर काहीतरी फुटलं, चष्मा गेला, आभाळ तिरकं झालं आणि डांबर तोंडावर आलं. तोंडात लोखंडाची चव. मग बरगडीत बूट. एकदा, आणि थोडं थांबून दुसऱ्यांदा, नेम धरून. बायका ओरडत होत्या, कुत्रा भुंकत होता, ढकलगाडी कलंडली होती, आणि दोन बाप क्रेगच्या पाठीवर पडून त्याला खाली दाबत होते. तो खालून मोठ्यानं सांगत होता, सगळ्यांनी ऐकावं असं, "तिनं सुरू केलं, विचारा तिला, ती काय बोलली ते विचारा." पडतानाही ग्लेनिसचा हात सुटला नव्हता. डार्सी तिच्याबरोबर खाली बसली होती, उकिडवी, आणि वाट बघत होती.

पोलीस आले, त्याला घेऊन गेले. एक पोलीसबाई मागे राहिली. ग्लेनिसला दारातल्या पायरीवर बसवलं होतं. टीनानं ओला कागदी टॉवेल आणला होता, कारण या शाळेत गुडघा खरचटला काय किंवा डोकं फुटलं काय, औषध एकच. नाक वाहत होतं. ग्लेनिसनं मान मागे टाकली.

"मागे नाही," डार्सी म्हणाली. "पुढे घ्या. मागे घेतलं की रक्त पोटात जातं, मग ओकारी येते." तिनं टीनाच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि नाकाच्या मधोमध चिमटीत धरला. तिची चिमूट बरोबर जागेवर बसली, चाचपडली नाही. "तोंडानं श्वास घ्या. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

बेव्ह समोर गुडघ्यावर बसली होती. पोलीसबाई थोडी मागे. कुणी काही विचारलं नाही.

"तुम्ही मुद्दाम बोललात त्याला," डार्सी ग्लेनिसला म्हणाली. रागानं नव्हे. "मी ऐकलं."

"सांग मला," बेव्ह म्हणाली. 

"आई पण बोलते तसंच. तो माझ्याकडे यायला लागला ना, की ती बोलते काहीतरी. घाण काहीतरी. मग तो तिच्याकडे वळतो." डार्सीनं कागद बदलला, स्वच्छ बाजू वर घेतली. "काल आई कामावर होती."

मैदान रिकामं झालं होतं. पोलीसबाईचं पेन चालू होतं, हळू, एकेक शब्द, जसा पडला तसा. ग्लेनिसला कागदामागून श्वास घेता येत नव्हता. तिला टेबलाची खालची बाजू दिसत होती, कच्चं लाकूड, त्यावर कुणीतरी सुताराचा आकडा लिहिलेला, आणि बापाचे बूट. ते बूट आधी कुणीकडे वळलेले असायचे? पन्नास वर्षांत तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. ते टेबलाकडे वळलेले असायचे. टेबलाकडे, तिच्याकडे. आणि मग वरून, पावाचा तुकडा मोडता मोडता, ते वाक्य यायचं, आणि बूट वळायचे. उंबऱ्यावर उभं राहून ती दोघांना धरून ठेवत होती असं तिला वाटत आलं होतं. मधे उभं कोण होतं?

"मिसेस स्टॅथर्स," पोलीसबाई म्हणाली, "तो म्हणतो तुम्ही आधी काहीतरी बोललात. बोललात का?"

बेव्हनं ग्लेनिसकडे पाहिलं. मान हलली नाही तिची, पण डोळे म्हणत होते, तुला आठवत नाही, तुझ्या डोक्याला मार लागलाय. ग्लेनिसलाही ते वाक्य उचलून बाजूला ठेवता आलं असतं. मग राहिलं असतं एवढंच: त्यानं मारलं. स्वच्छ, एकटं. डार्सी तिच्या नाकावरची चिमूट न सोडता बघत होती.

"हो," ग्लेनिस म्हणाली, आणि जे बोलली होती ते शब्दाला शब्द सांगितलं. नाक दाबलेलं होतं, त्यामुळे आवाज हास्यास्पद आला, सर्दी झालेल्या पोरासारखा.

"का बोललात?"

ग्लेनिसनं तोंडानं श्वास घेतला. बरगडी आतून टोचली.

"मला त्याचा राग आला म्हणून नाही," ती म्हणाली. "ही त्याच्याबरोबर घरी जात होती म्हणून. लिहा तसंच."

पोलीसबाईनं लिहिलं. डार्सीनं नाकावरचा कागद उचलून पाहिला, परत ठेवला, पुन्हा चिमूट धरली. "अजून नाही थांबलं," ती म्हणाली. "हलू नका."